ह्युएन त्सांगसाठी एक मंडप: चिनी मंदिर-वास्तूवरून रचना कशी उभी करायची

ह्युएन त्सांग आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचा. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीबद्दल आणि इथल्या माणसांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला. म्हणून कॉलेजचं प्रदर्शन असो, नाटक असो की संग्रहालयातलं एखादं दालन, तो पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्यामागे एक ‘चिनी मंदिर’ उभं करावं लागतं.

काही वर्षांपूर्वी मीही असंच एक प्रवेशद्वार केलं होतं. पिवळ्या कौलांचं छप्पर, खांबांना विळखा घातलेले ड्रॅगन, लाल कंदील, वर नेटवरून उचललेल्या चिनी अक्षरांची पाटी. लोक समोर उभे राहून फोटो काढत होते. तिसऱ्या दिवशी चिनी भाषा शिकणारी एक मुलगी आली. बराच वेळ वर बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “ताई, पाटीवरचं एक अक्षर उलटं छापलंय. आणि हे छप्पर त्याच्या काळातलं नाही.”

अक्षर त्याच रात्री बदललं. छप्पर बदलता आलं नाही. ते पहिल्यापासून कसं करायला हवं होतं, हे मला नंतर बरंच बसून शिकावं लागलं. तेच इथे लिहिते आहे, म्हणजे या कामात नव्याने येणाऱ्याला सुरुवात सोपी जाईल.

आधी काळ ठरवा, मग एकच इमारत धरा

चिनी मंदिर म्हणून कुठलाही एक नमुना नाही. आपल्याकडे हेमाडपंती देऊळ आणि पेशवाई देऊळ एकाच चित्रात मिसळलं तर आपल्याला लगेच खटकेल. तिथेही तसंच आहे. बीजिंगचं निळ्या छपराचं गोल मंदिर, म्हणजे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करण्याचं भवन, पहिल्यांदा १४२० मध्ये उभं राहिलं (गोल आकार त्याला १५४५ मध्ये मिळाला), १८८९ मध्ये वीज पडून जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं. ती सम्राटाने स्वतः विधी करण्याची जागा. भिक्षूंचा तिच्याशी संबंध नाही. फूच्येन आणि तैवानमधल्या मंदिरांची आढी टोकाला पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात आणि त्यांवर चिनीमातीच्या तुकड्यांची रंगीत नक्षी असते. यातलं काहीही ह्युएन त्सांगच्या मागे शोभणार नाही.

तो ६४५ मध्ये परत छांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला पोचला. हा थांग घराण्याचा काळ. त्या वर्षातली लाकडी मंदिरं आज उभी नाहीत. चीनमधली सर्वांत जुनी ज्ञात लाकडी इमारत म्हणजे शान्शी प्रांतात वुताई पर्वताच्या परिसरातलं नानचान मंदिर, ७८२ सालचं. त्याच परिसरातल्या फोगुआंग मंदिराचा पूर्व मंडप ८५७ सालचा. अंतर दीड-दोनशे वर्षांचं, पण घराणं तेच आणि बांधणीची पद्धतही त्याच कुळातली. आपल्याला जवळात जवळचं एवढंच मिळतं, आणि ते भरपूर आहे.

फोगुआंगची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण या कामाची शिस्त तिच्यात आहे. १९३७ मध्ये लिआंग सिचेंग आणि लिन हुईयिन हे वास्तु-अभ्यासक जोडपं तिथे पोचलं. वायव्य चीनमधल्या दुन्हुआंगच्या ६१ क्रमांकाच्या लेण्यात वुताई पर्वताचं मोठं भित्तिचित्र आहे, त्यात या मंदिराचं नाव लिहिलेलं आहे. त्या चित्राच्या फोटोवरून त्यांनी वाट धरली. मंडप जुना आहे हे त्यांना दिसत होतं, पण पुरावा हवा होता. लिन हुईयिनना लांबचं स्पष्ट दिसायचं. तुळईच्या खालच्या अंगाला शाईची पुसट अक्षरं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. तिथे दान देणाऱ्या स्त्रीचं नाव होतं, निंग गोंगयू. तेच नाव मंडपासमोरच्या दगडी स्तंभावर वर्षासकट कोरलेलं सापडलं आणि ८५७ साल पक्कं झालं. आधी बघणं, मग मोजणं, मग नाव देणं, हा क्रम आपणही पाळावा.

तिसरा आधार शिआनमधल्या ‘महाहंस’ पॅगोडाचा. ह्युएन त्सांगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला तो ६५२ मध्ये बांधला. त्याच्या पश्चिमेच्या दारावरच्या दगडी चौकटपट्टीवर एका थांगकालीन मंडपाचं रेखाचित्र कोरलेलं आहे: खांब, ठोकळे, छप्पर, सगळं. लाकडाची आठवण दगडाने जपायची ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यात कातळाच्या छताला आजही खऱ्या लाकडाच्या कमानी लावलेल्या दिसतात.

तर पहिलं काम हे: एक इमारत निवडा आणि तिचे चारही बाजूंचे फोटो, तळाचा आराखडा आणि छेदचित्र भिंतीवर लावा. जागा लहान असेल तर नानचान, रंगमंच रुंद असेल तर फोगुआंग. मात्र नानचानची वळचण, दारं-खिडक्या आणि आढ्याची टोकं १९७०च्या दशकातल्या डागडुजीत नव्याने केलेली आहेत, हे ध्यानात ठेवा.

खण मोजा

वाड्यात वाढलेल्या किंवा वाडा पाहिलेल्या माणसाला हा भाग सोपा जाईल. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. चिनीत तिला ज्येन म्हणतात. इमारतीचा मान खणांवरून ठरतो. समोरच्या बाजूला खण विषम असतात, तीन, पाच, सात, नऊ, म्हणजे बरोबर मध्ये दार येतं आणि आत बरोबर मध्ये मूर्ती. नानचान तीन खणांचं, फोगुआंगचा मंडप सात खणांचा आणि चार खण खोल.

वजन सगळं खांबांवर. भिंत फक्त आडोसा. ‘भिंत पडली तरी घर पडत नाही’ अशी तिथे म्हणच आहे. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर ठेवतात, आणि सगळी इमारत एका जोत्यावर बसते. तुमच्या रचनेत जोतं वगळू नका. ते नसलं की छप्पर अंगावर आल्यासारखं वाटतं.

आता कागदावर. फोगुआंगचे मधले पाच खण प्रत्येकी सुमारे ५ मीटर रुंद आहेत आणि खांबही जवळजवळ ५ मीटर उंच. म्हणजे खण चौरस. त्या चौरसावर निम्म्या उंचीचा पट्टा काढा, ती खांब आणि छपराच्या मधल्या ठोकळ्या-हातांची जागा (त्यांच्याबद्दल पुढे). तिथून वळचण पुढे जवळजवळ ४ मीटर बाहेर येते. ही तीन मापं बरोबर पडली तर नक्षीची एक रेघ नसतानाही चित्र थांगकालीन दिसायला लागतं. माझ्या त्या प्रवेशद्वारात खांब रुंदीच्या दुप्पट उंच होते आणि वळचण वीतभर. मग ड्रॅगन किती का चढवा.

आणखी एक बारकावा. कोपऱ्यांकडे जाताना खांब किंचित उंच होत जातात आणि सगळे खांब जरासे आत झुकलेले असतात. ११०३ सालच्या ‘यिंगझाओ फाशी’ या सरकारी बांधकाम-ग्रंथात, जो सोंग दरबारातल्या ली ज्ये यांनी सिद्ध केला, याचं माप दिलं आहे: तीन खणांना कोपऱ्याचा खांब २ त्सुन जास्त, पाच खणांना ४, सात खणांना ६. एक त्सुन साधारण ३ सेंटीमीटर. एवढ्याशा फरकाने वळचणीची रेषा धनुष्यासारखी ताणली जाते.

पूर्ण परिसर दाखवायचा असेल तर मधल्या अक्षावर एकामागून एक अंगणं ओवा: पर्वतद्वार (म्हणजे मुख्य प्रवेशद्वार), मग चार दिक्पालांचा मंडप, मग मुख्य मंडप, शेवटी पोथ्यांचं भांडार. पूर्वेला घंटेचा मनोरा, पश्चिमेला नगाऱ्याचा. हा क्रम नंतरच्या काळात पक्का झाला, पण प्रेक्षकाला चालवत न्यायला तो फार उपयोगी आहे. सगळी मंदिरं दक्षिणेकडेच बघतात असं मात्र नाही. फोगुआंगचा मंडप पश्चिमाभिमुख आहे, कारण डोंगर तसा आहे.

एक दौगोंग स्वतःच्या हाताने करा

खांब आणि छपराच्या मधली ठोकळ्यांची आणि हातांची उतरंड म्हणजे दौगोंग. दौ म्हणजे ठोकळा, गोंग म्हणजे आडवा हात. छपराचं ओझं गोळा करून ते खांबाच्या डोक्यावर आणायचं आणि वळचण बाहेर तोलून धरायची, हे त्याचं काम. सगळे जोड खाच आणि कूस यांचे. लाकूड लाकडावर थोडं सरकू शकतं, म्हणून धक्का पचतो. शान्शीतच यिंगश्येन गावचा लाकडी पॅगोडा १०५६ पासून उभा आहे, ६७ मीटर उंच, आणि त्याने कितीतरी भूकंप सोसले आहेत.

संगणकावर तयार मॉडेल उतरवून घेण्याआधी एक दौगोंग पुठ्ठ्याचा किंवा सनबोर्डाचा कराच. दोन संध्याकाळी लागतात. त्यानंतर कुठलाही फोटो तुम्हाला वेगळा दिसेल.

‘यिंगझाओ फाशी’ने सगळी इमारत एकाच मापावर बेतली आहे. गोंग ज्या लाकडाचा करायचा त्याची उंची १५ भाग, जाडी १० भाग. या एका भागाला फन म्हणतात. बाकी सगळं फनांत. आपण १ फन म्हणजे १ मिलिमीटर धरू. ५ मिमी सनबोर्डाचे दोन थर चिकटवले की १० मिमी जाडीची पट्टी मिळते.

सर्वांत खाली मोठा ठोकळा, लुदौ: ३२ बाय ३२, उंची २०. वरून अधिक-चिन्हासारखी खाच पाडा, १० रुंद, ८ खोल. खालचे ८ मिमी आतल्या बाजूला निमुळते करा. खाचेत दोन हात एकमेकांना छेदून बसतात. भिंतीच्या दिशेचा हात ६२ लांब, बाहेर प्रेक्षकाकडे येणारा ७२ लांब, दोन्ही १५ उंच. छेदतात तिथे खाच कुणाला किती? इथे मी पहिल्यांदा चुकले. दोघांना सारखीच, साडेसात-साडेसात मिमी पाडली. ग्रंथ तसं सांगत नाही. भिंतीच्या दिशेच्या हाताला वरून १० मिमी खोल खाच आणि बाहेर येणाऱ्याला खालून फक्त ५. कारण बाहेर येणारा हात वळचणीचं वजन तोलतो. त्याचं लाकूड जास्तीत जास्त शाबूत राहायला हवं. करवत हातात असताना हे कारण कळलं तेव्हा मी ते काम तसंच ठेवून नुसती बघत बसले. नऊशे वर्षांपूर्वीच्या सुताराचा विचार ५ मिमीच्या खाचेत सापडतो.

हातांच्या टोकांवर लहान ठोकळे: १६ बाय १४, उंची १०. बाहेर येणाऱ्या हाताच्या टोकावरचा जरा मोठा, १८ बाय १६. यांच्या वरच्या ४ मिमीत पुढचा हात रुततो, उरतात ६. म्हणजे हात १५ आणि फट ६, एक थर २१चा. असे थर वर चढत जातात, आणि प्रत्येक थराला टोक साधारण ३० फन बाहेर सरकतं. हातांची टोकं खालून गोलसर छाटायची विसरू नका, नाहीतर ते नुसते दांडके दिसतात.

नानचानच्या खांबांवर असे दोन हात बाहेर येतात. फोगुआंगला दोन हात आणि त्यांवर दोन तिरपे दांडे, त्यांना आंग म्हणतात. ते तरफेसारखे काम करतात, बाहेरचं टोक वळचण तोलतं आणि आतलं टोक छपराच्या भाराखाली दबलेलं असतं. तिथल्या एकेका लाकडाची उंची सुमारे ३० सेंटीमीटर आणि जाडी २० आहे. तुमच्या मॉडेलमधल्या १ मिमीच्या जागी तिथे २ सेंटीमीटर. ग्रंथ फोगुआंगहून अडीचशे वर्षं नंतरचा, त्यामुळे फनांची मापं तंतोतंत जुळणार नाहीत, पण शिकण्यासाठी यासारखी पाटी नाही.

छपराची रेषा हाताने उतरवू नका

नवखा माणूस हमखास चुकतो तो इथे. छपराला छान बाक द्यायचा म्हणून तो एक वळण ओढतो आणि टोकं वर उचलतो. तो बाक मुळात सरळ वाशांचा बनलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर वासा थोडा कमी उतरता होतो, आणि खालून बघताना ते टप्पे एक वळण होऊन जातात. त्याची रीत अशी.

कागदावर पुढच्या वळचणीपासून मागच्या वळचणीपर्यंत ४० सेंमी आडवी रेघ घ्या. ग्रंथ मोठ्या मंडपांना छपराची उंची या रुंदीच्या एक तृतीयांश सांगतो, पण फोगुआंग त्याहून बरंच पसरट आहे, जवळजवळ पाचवा हिस्सा. आपण पाचवा हिस्सा घेऊ, म्हणजे मधोमध आढं ८ सेंमी वर. आता आढ्यापासून वळचणीपर्यंतच्या निम्म्या भागाचे, म्हणजे २० सेंमीचे, चार सारखे टप्पे करा.

आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ रेघ ओढा. पहिल्या टप्प्यावर ती ६ सेंमी उंचीवर असेल. तिथे एकूण उंचीचा दहावा हिस्सा, म्हणजे ८ मिमी, खाली या: ५.२. या नव्या बिंदूपासून वळचणीपर्यंत पुन्हा सरळ रेघ. दुसऱ्या टप्प्यावर त्या रेघेपासून आधीच्या निम्मं, ४ मिमी, खाली: साधारण ३.०७. पुन्हा रेघ, तिसऱ्या टप्प्यावर २ मिमी खाली: १.३३. मग शून्य. बिंदू जोडा. वरचा टप्पा २.८ सेंमी उतरतो, शेवटचा १.३ सेंमीच्या आसपास. वर पाणी वेगाने निघतं आणि वळचणीला येऊन लांब फेकलं जातं. कोकणात पावसाळ्यात पागोळ्या पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

छिंग घराण्याच्या काळात (१६४४ ते १९१२) हीच रेषा बरीच खडी झाली, वरचा टप्पा ४५ अंशांच्या जवळ गेला. फोटो बघून काळ ओळखायचा असेल तर आधी हा चढ बघा, मग दौगोंगचा आकार. थांग काळात दौगोंग मोठे आणि मोजके, छिंग काळात बारीक आणि दाट, जवळजवळ झालरीसारखे.

छपराच्या प्रकारांनाही मान आहे. चार उतारांचं सर्वांत वरचं, ते फोगुआंगला आहे. चार उतार आणि वर दोन बाजूंना त्रिकोण, हे त्याखालचं, नानचानचं. साध्या दोन पाख्यांचं त्याहून खाली. लहान दरवाजावर चार उतारांचं छप्पर चढवू नका.

रंग थोडे, खिडक्या साध्या

थांग शैलीला तांबडे खांब आणि तुळया, पांढऱ्या भिंती, राखाडी-काळी कौलं पुरतात. फळ्यांची भक्कम दारं आणि उभ्या गजांच्या खिडक्या. निळ्या-हिरव्या सोनेरी तुळया मिंग-छिंग काळातल्या, म्हणजे चौदाव्या शतकानंतरच्या. चकाकत्या पिवळ्या कौलांवर त्या काळात सम्राटाचा हक्क होता. बीजिंगच्या योंगह मंदिरासारख्या राजघराण्याशी जोडलेल्या जागांना ती मिळाली. आढ्याच्या टोकांना थांग काळात साधी, आत वळलेली शेपटी असे. वळचणीच्या कोपऱ्यावरच्या प्राण्यांची रांगही तुम्ही फोटोत पाहता तशी नंतरची. पुरे दहा प्राणी बीजिंगच्या राजवाड्यातल्या सर्वोच्च भवनालाच आहेत.

पाटी, मूर्ती आणि विचारायची माणसं

चिनी अक्षरांची पाटी लावणार असाल तर ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून तीनदा तपासून घ्या: मजकुरात, छपाईला जाण्याआधी आणि टांगल्यावर. जुन्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचतात. मूर्ती सजावटीला वापरू नका. बुद्धासमोर तिकीट खिडकी किंवा खाण्याचा स्टॉल येणार नाही हे आराखड्यातच बघा.

ही मंदिरं कुणाची तरी श्रद्धास्थानं आहेत, हे फोटोंवरून जाणवत नाही. मुंबईत असाल तर माझगावचं सी यप कून मंदिर बघून या. कँटोनी समाजाने १९१९ मध्ये सुरू केलेली ही लहानशी जागा. छपराचा नमुना म्हणून ती उपयोगाची नाही, पण उदबत्तीचा धूर कुठून वर जातो, माणूस कुठे थांबतो, कुठे वाकतो, हे तिथे कळतं. परवानगी विचारा, कॅमेरा पिशवीत ठेवा.

देवाणघेवाण उलट्या दिशेनेही चालू आहे. चीनमधल्या लुओयांगच्या श्वेताश्व मंदिराची परंपरा भारतातून आलेल्या दोन भिक्षूंपासून सांगितली जाते. त्याच आवारात सांचीच्या धर्तीवर एक भारतीय मंदिर बांधलं गेलं आणि २०१० मध्ये राष्ट्रपती असलेल्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चिनी कारागिरांच्या भूमीवर आपला स्तूप उभा राहताना आपण जेवढ्या काळजीची अपेक्षा धरू, तेवढी आपण त्यांच्या मंडपाला द्यावी.

रंगमंचावर उतरवताना

आता सुताराला बोलवा. फोगुआंगचं निम्मं माप घेतलं तर हिशोब फार सोपा होतो: १ फन म्हणजे १ सेंटीमीटर. खण अडीच मीटरचा, खांब अडीच मीटरचा, गोंग १५ बाय १० सेंमीचा. प्लायच्या पोकळ पेट्या करा, भरीव लाकूड नको. तीन खण घेतलेत तर साडेसात मीटर रुंदी होते, बहुतेक सभागृहांत ती बसते. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा लहान ठोकळेही प्लाय किंवा पुठ्ठ्याचेच.

पैसे कमी पडले तर काय कापायचं? खण कमी करा, मागची बाजू सोडा, कौलं रंगवून दाखवा. दौगोंगचं प्रमाण आणि वळचणीची लांबी यांना हात लावू नका. सातऐवजी तीन खण चालतात, पण अर्धी वळचण चालत नाही.

पूर्ण रंग देण्याआधी एक खण उभा करून घ्या. सभागृहातले दिवे मालवा, एकच दिवा जोत्याजवळ खाली ठेवा आणि प्रेक्षकांच्या पाचव्या रांगेत जाऊन बसा. हातांच्या सावल्या वळचणीच्या पोटावर पंख्यासारख्या पसरल्या, तर सुताराला पुढच्या खणाला हात घालायला सांगा.